व्यापारपत्रिका

दुकानदार, कारागीर अथवा लहान व्यावसायिक आपले नाव, धंदा, दुकानाचा पत्ता आणि विक्रीस असलेला माल यांची माहिती छापून गिऱ्हाइकाच्या हाती देतो, त्या सुट्या छापील पत्रिकेस व्यापारपत्रिका म्हणतात. इंग्रजीत ती ‘ट्रेड कार्ड’ या नावाने ओळखली जाते. लग्नपत्रिका, निमंत्रणपत्रिका या शब्दांतील ‘पत्रिका’ येथे अभिप्रेत आहे. नियतकालिकाशी तिचा संबंध नाही. ‘कार्ड’ हे इंग्रजी नावही काहीसे फसवे आहे. अठराव्या शतकातील बहुतेक व्यापारपत्रिका साध्या कागदावर छापलेल्या असत व त्यांचा आकार आजच्या पत्रिकेहून बराच मोठा, कित्येकदा वहीच्या पानाएवढा असे. जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी छोटी पत्रिका एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. केवळ व्यक्तीचे नाव असलेली आणि सामाजिक भेटीगाठींत वापरली जाणारी भेटपत्रिका हिचा उगम वेगळा आहे. चीनमध्ये अशा नामपट्टिका कागदापूर्वी लाकडाच्या असत. आन्ह्वेई प्रांतातील मा-आनशान येथे १९८४ मध्ये उत्खनन झालेल्या जू रान या सेनापतीच्या (मृत्यू इ. स. २४९) थडग्यात त्या सापडल्या आहेत. यूरोपात सतराव्या शतकापासून फ्रान्समधील उच्च वर्गात भेटपत्रिकेचा प्रघात पडला. भेटपत्रिकेचा सुटसुटीत आकार आणि व्यापारपत्रिकेचा मजकूर यांच्या मीलनातून आजचे ‘व्हिजिटिंग कार्ड’ निर्माण झाले.

मोठ्या व्यापारी कंपन्यांचा इतिहास लिहिण्यासाठी त्यांच्या हिशेबवह्या, पत्रव्यवहार आणि इतिवृत्ते उपलब्ध असतात. एका गल्लीत वीस-पंचवीस वर्षे दुकान चालवून नाहीशा झालेल्या शिंप्याचा, चष्मेवाल्याचा किंवा सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या बाईचा असा दप्तरसंग्रह नसतो. पुष्कळदा त्याच्या धंद्याचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे ही पत्रिका होय. त्यामुळे मुद्रणकलेच्या इतिहासाइतकेच लहान व्यापाराच्या सामाजिक इतिहासातही तिला महत्त्व आहे.

प्रारंभ : छापील व्यापारपत्रिकेचे ज्ञात असलेले सर्वांत जुने उदाहरण यूरोपातील नसून चीनमधील आहे. सुंग राजवंशाच्या काळात (इ. स. ९६०–१२७९) जीनान येथील ल्यू घराण्याच्या सुयांच्या दुकानासाठी तयार केलेला काशाचा मुद्रणठसा बीजिंग येथील राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे. ठसा जवळजवळ चौरस असून त्याच्या मध्यभागी मुसळाने कुटणाऱ्या पांढऱ्या सशाचे चित्र आहे. दाराबाहेरील पांढरा ससा ही आपल्या दुकानाची खूण आहे, ती पाहून यावे. आपण उत्तम प्रतीच्या पोलादी कांबींपासून बारीक सुया करतो. घाऊक खरेदी करणाऱ्यास सवलत मिळेल, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. दुकानाची खूण, मालाच्या दर्जाची ग्वाही आणि सवलतीचे आश्वासन ही व्यापारपत्रिकेची तिन्ही अंगे येथे पूर्णपणे विकसित झालेली दिसतात. यूरोपातील व्यापारपत्रिकेचा या ठशाशी संबंध जोडण्यास मात्र कोणताही आधार नाही. सारख्या गरजेतून दोन्ही ठिकाणी ती स्वतंत्रपणे निर्माण झाली असेच मानावे लागते.

लंडनमधील विकास : व्यापारपत्रिकेचा सर्वांत समृद्ध कालखंड अठराव्या शतकातील लंडनचा होय. तेथे सतराव्या शतकात तिचा उपयोग सुरू झाला होता. दैनंदिनीलेखक सॅम्युएल पेप्स (१६३३–१७०३) याच्या लंडनविषयक चित्रसंग्रहात तत्कालीन पत्रिका आढळतात. १८०१ च्या पहिल्या जनगणनेत लंडनची वस्ती सुमारे साडेनऊ लाख भरली. तत्पूर्वीच्या शंभर वर्षांत ती झपाट्याने वाढली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ओळखीवर चालणारे दुकान अशा शहरात अनोळखी गिऱ्हाइकांवर अवलंबून राहू लागले. वृत्तपत्रांतून जाहिरात देणे शक्य होते. परंतु १७१२ च्या कायद्यान्वये वृत्तपत्रांतील प्रत्येक जाहिरातीवर एक शिलिंग कर बसविण्यात आला. पुढे तो वाढत गेला आणि १८५३ मध्ये रद्द होईपर्यंत लहान दुकानदारास तो जाचक वाटत राहिला. शिवाय जाहिरातींची गर्दी इतकी झाली होती, की लोक त्या लक्षपूर्वक वाचतच नाहीत, असे निरीक्षण सॅम्युएल जॉन्सन याने १७५९ मध्ये आपल्या एका निबंधात नोंदविले आहे. एकदा ताम्रपट कोरून घेतला, की त्यावरून लागतील तशा प्रती काढता येत. त्यामुळे पत्रिका हे दुकानदाराच्या आटोक्यातील साधन ठरले. [⟶ जाहिरात].

पत्रिकेच्या रचनेचा उलगडा दुकानाच्या पाटीवरून होतो. लंडनमधील घरांना त्या काळी क्रमांक नव्हते. प्रत्येक दुकानावर लोखंडी दांडीला टांगलेली चित्रमय पाटी असे आणि तीच त्याचा पत्ता असे. किराणामालाच्या दुकानावर साखरेचा सुळका, सुगंधी द्रव्यांच्या दुकानावर जवादी मांजर, चष्मेवाल्याकडे सोनेरी चष्मा अशा खुणा प्रचारात होत्या. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाचीही त्यामुळे सोय होई. कापडविक्रेत्यांमध्ये ‘हिंदी राणी’ची पाटी लोकप्रिय होती. भारतातून येणाऱ्या तलम कापडाची ख्याती तिच्यामागे होती. छापील सुती कापड वापरण्यावर इंग्लंडमध्ये १७२१ च्या कायद्याने बंदी घातली गेली व ती १७७४ पर्यंत टिकली. मलमल मात्र विकली जात राहिली आणि पत्रिकांवरील मालाच्या यादीत तिला मानाचे स्थान असे. व्यापारपत्रिकेच्या शिरोभागी हीच पाटी कोरलेली असे. गिऱ्हाइकाने पत्रिकेवरील चित्र रस्त्यावरील पाटीशी ताडून पहावे व दुकान ओळखावे, असा तिचा सरळ उपयोग होता. पाटीखाली ‘अमुक चर्चसमोर’, ‘तमुक पुलाजवळ’, ‘कोपऱ्यापासून तिसरे दार’ असा पत्ता येई. मारुतीच्या देवळासमोर किंवा पोस्टाच्या मागे असा पत्ता छापणाऱ्या मराठी दुकानदारास ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

पाट्या एवढ्या मोठ्या आणि जड होत गेल्या, की त्यांमुळे अरुंद रस्त्यांत प्रकाश व हवा अडू लागली. वाऱ्याने त्या पडून अपघातही होत. वेस्टमिन्स्टरमध्ये १७६२ च्या कायद्याने टांगत्या पाट्या काढण्यास आरंभ झाला, लंडनच्या मूळ नगरीनेही त्याच दशकात तीच वाट धरली आणि पाठोपाठ घरांना क्रमांक पडत गेले. पत्रिकेवरील चित्राचे मूळ प्रयोजन येथे संपले. तरीही कित्येक दुकानदारांनी रस्त्यावरून उतरलेली पाटी पत्रिकेवर पुढे अनेक वर्षे कायम ठेवली. एका पिढीने मिळविलेला नावलौकिक त्या चित्राशी जडलेला होता व तो क्रमांकाला चिकटविता येण्यासारखा नव्हता. व्यापारचिन्हाची आधुनिक कल्पना या टप्प्यावर आकार घेताना दिसते. इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांची कायदेशीर नोंदणी मात्र १८७५ च्या अधिनियमानेच शक्य झाली.

पाटी व पत्रिका यांचा परस्परसंबंध दाखविणारे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅरिसमधील आहे. एद्म-फ्रांस्वा झेरसँ (१६९४–१७५०) या कलावस्तूंच्या व्यापाऱ्याच्या दुकानासाठी चित्रकार वातो याने १७२०–२१ मध्ये पाटी रंगविली. ही पाटी आज बर्लिनमधील शार्लोटनबर्ग राजवाड्यात असून ती त्या चित्रकाराच्या श्रेष्ठ कृतींपैकी एक मानली जाते. पुढे झेरसँने पौर्वात्य वस्तूंकडे लक्ष वळविले, दुकानाला ‘पॅगोडा’ हे नाव दिले आणि १७४० मध्ये नवी पत्रिका काढली. तिचे रेखन फ्रांस्वा बूशे याचे आहे. शंख-शिंपले, चिनी भांडी, लाखेच्या पेट्या यांच्या राशीवर बसलेली चिनी मूर्ती तीत दाखविली आहे. धंद्याने वळण घेतले, की पत्रिका बदलावी लागते, हे त्या काळच्या चतुर व्यापाऱ्यास पक्के ठाऊक होते.

कोरक्ये व शैली : बहुतेक पत्रिका ताम्रपटावर कोरून छापल्या जात. हे काम चांदीच्या भांड्यांवर नक्षी व कुलचिन्हे कोरणारे कारागीर करीत. म्हणून पत्रिकांवरील वेलबुट्टीत चांदीकामाची छटा आढळते. शतकाच्या आरंभी जड, लाकडी कोरीवकामासारख्या चौकटी, मध्यावर शिंपल्यासारख्या वळणांची रोकोको शैलीतील नाजूक महिरप आणि १७७० नंतर कलश, फुलमाळा व लंबगोल यांची नव-अभिजात मांडणी असा क्रम दिसतो. तारीख नसलेल्या पत्रिकेचा काळ ठरविताना तो उपयोगी पडतो. सुप्रसिद्ध चित्रकार विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याची उमेदवारी एलिस गँबल या चांदीकोरक्याकडे झाली होती. त्याने स्वतःच्या व्यवसायासाठी कोरलेल्या पत्रिकेवर २३ एप्रिल १७२० ही तारीख आहे. होगार्थच्या नावावर पुढे इतक्या पत्रिका खपविल्या गेल्या, की त्यांतील खऱ्या कोणत्या याविषयी संग्राहकांत दीर्घकाळ वाद चालला. कोणतीही चांगली पत्रिका होगार्थची म्हणण्याचा हा मोह अर्थातच विक्रेत्यांच्या सोयीचा होता. न्यूकॅसल येथे टॉमस बेविक (१७५३–१८२८) याने राल्फ बील्बी याच्या भागीदारीत दुकानदारांसाठी पत्रिका व बिलांची शीर्षके तयार केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे प्रसिद्धी पावलेला बॉस्टनचा चांदीकारागीर पॉल रिव्हिअर (१७३५–१८१८) हाही पत्रिका कोरून देत असे. फर्निचरचा जगप्रसिद्ध कारागीर टॉमस चिपन्डेल याच्या दुकानाची खूण साधी ‘खुर्ची’ होती.

वापर : ही पत्रिका कोणाला आणि केव्हा दिली जाई, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ती रस्त्यात वाटली जाणारी हस्तपत्रिका होती, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु उपलब्ध पुरावा त्याच्याशी जुळत नाही. जतन झालेल्या पुष्कळ पत्रिकांच्या मागील बाजूस विकलेल्या मालाचा हिशेब, रक्कम व पैसे पोचल्याची सही आढळते. म्हणजे पत्रिका बहुधा खरेदीच्या वेळी, पावती म्हणून, गिऱ्हाइकाच्या हाती पडत असे. पावती जपून ठेवली जाई आणि तिच्याबरोबर दुकानाचे नाव व मालाची यादीही घरात राही. पुढच्या वेळी त्याच गिऱ्हाइकाने परत यावे किंवा शेजाऱ्यास ती दाखवावी, ही अपेक्षा त्यामागे होती. नवे गिऱ्हाईक मिळविण्यापेक्षा जुने टिकविणे आणि त्याच्या तोंडून नवे मिळविणे हे पत्रिकेचे खरे काम होते. उधारीवर चालणाऱ्या त्या काळच्या व्यापारात याला विशेष अर्थ होता. दुकानदार गिऱ्हाइकावर महिनोन्महिने विश्वास टाकीत असे. गिऱ्हाइकाने दुकानदारावर का विसंबावे याचे कारण पत्रिका सांगत असे.

पत्रिकेवरील मजकुराचे काही ठराविक साचे बनले होते. मालाची लांबलचक यादी हा त्यांतील पहिला. ती वाचताना दुकान कोठार असावे असा भास होतो. प्रत्यक्षात यादीतील कित्येक वस्तू मागणी आल्यावर दुसऱ्याकडून आणून दिल्या जात असाव्यात. ‘रास्त दरात’, ‘घाऊक व किरकोळ’, ‘गावोगावच्या मागण्या काळजीपूर्वक पुरविल्या जातील’ ही वाक्ये जवळजवळ प्रत्येक पत्रिकेवर येतात. परदेशी गिऱ्हाइकांसाठी अथवा केवळ प्रतिष्ठेसाठी इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर दिला जाई. अमुक उमरावाकडे किंवा तमुक नामांकित दुकानात काम केल्याचा उल्लेख, राजघराण्याच्या आश्रयाचा दावा आणि नक्कल करणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना हेही नेहमीचेच. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्यांवरील व पत्रिकांवरील सुपरिचित वाक्य याच जातीचे होय.

धंद्यांची व्याप्ती थक्क करणारी आहे. रेशीमविक्रेते, चहाचे व्यापारी आणि घड्याळजी यांच्याबरोबर शवपेट्या पुरविणारे, दात काढणारे आणि धुराडी साफ करणारे यांच्याही पत्रिका आहेत. त्यांत शौचकूप उपसणाऱ्यांच्या पत्रिकांचा एक वेगळाच वर्ग पडतो. हे काम रात्री करण्याचे बंधन असल्याने त्यांना ‘रात्रीचे कामकरी’ असे म्हणत. खांद्यावरील दांडीला पिंप अडकवून नेणारे दोघे जण, त्यांची गाडी, घोडा आणि आकाशातील चंद्र ही चित्रे रेशमाच्या व्यापाऱ्याला शोभावी अशाच नक्षीदार महिरपीत कोरलेली आहेत. ज्या धंद्याचे नाव सभ्य घरात उच्चारले जात नसे, त्याच्या चालकानेही स्वतःस व्यापारी म्हणवून घेण्याचा हक्क या कागदावर बजावलेला दिसतो.

स्त्रियांच्या व्यवसायांबाबत तर पत्रिका हा अत्यंत मोलाचा पुरावा आहे. विवाहित इंग्लिश स्त्रीच्या मालमत्तेवर त्या काळी कायद्याने पतीचा अधिकार चाले. त्यामुळे कागदोपत्री तिचे नाव क्वचितच येते. पत्रिकांवर मात्र टोप्या व झालरी करणाऱ्या, पंखे विकणाऱ्या, चहा विकणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या नावाने पुढे येतात. पतीच्या पश्चात त्याचा कारखाना चालविणाऱ्या विधवाही त्यांत आहेत आणि त्या केवळ शिवणकामापुरत्या मर्यादित नाहीत. होगार्थच्या मेरी व ॲन या दोन बहिणींनी लंडनच्या लिटल ब्रिटन भागात तयार कपड्यांचे दुकान चालविले. दुकान जुन्या जागेतून नव्या जागी हलविल्याचे कळविणारी त्यांची पत्रिका सुमारे १७३० ची असून ती त्यांच्या भावाने कोरल्याचे मानतात. आईवडिलांसह दोन मुले दुकानात कपडे अंगाला लावून पहात आहेत, असे काहीसे घरगुती दृश्य तीत आहे. मोठ्या चित्रकाराच्या चरित्रात या बहिणींना सहसा एखादे वाक्य मिळते. त्यांच्या धंद्याविषयी मात्र ही पत्रिका बोलते.

पत्रिका काय सांगत नाही हेही ध्यानात घ्यावयास हवे. दुकानाचे चित्र नेहमी प्रशस्त असते; भाड्याची जागा, थकलेले कर्ज आणि दिवाळे यांचा तीत मागमूस नसतो. तंबाखूविक्रेत्यांच्या पत्रिकांवर पिसांची वस्त्रे ल्यालेले कृष्णवर्णी पुरुष पिंपांशेजारी निवांत उभे असलेले दिसतात. व्हर्जिनियातील तंबाखू गुलामांच्या श्रमांवर पिकत होती, ही वस्तुस्थिती त्या सुखी चित्राने झाकली गेली. इतिहासलेखकाने पत्रिकेकडे दुकानदाराची साक्ष म्हणून पहावे, दुकानाचे छायाचित्र म्हणून नव्हे.

रंगीत पत्रिकांचे युग : आलोईस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढलेल्या शिलामुद्रणाने आणि गॉदफ्र्वा एंगेलमान याने १८३७ मध्ये एकस्व घेतलेल्या रंगीत शिलामुद्रणाने पत्रिकेचे स्वरूप पालटले. [⟶ शिलामुद्रण]. बॉस्टनचा मुद्रक लूइ प्रँग (१८२४–१९०९) याने १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात काळ्या पार्श्वभूमीवर फुले असलेल्या आपल्या पत्रिका वाटल्या. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर अमेरिकेत रंगीत पत्रिकांची लाट आली. मुद्रक आता फुले, मुले, मांजरे, निसर्गदृश्ये यांची चित्रे हजारोंनी छापून ठेवीत व एक कोपरा किंवा पाठ कोरी सोडीत. गावोगावचे वाणी, चांभार, औषधविक्रेते त्या घेऊन त्यांवर आपले नाव छापून घेत. कनेक्टिकटमधील मेरिडन येथे १८७२ मध्ये सुरू झालेल्या केल्सी कंपनीने टेबलावर मावणारे छोटे हातमुद्रणयंत्र विकण्यास प्रारंभ केला आणि दुकानदाराला हे काम घरीच करणे साधू लागले. चित्राचा धंद्याशी काही संबंध असलाच पाहिजे अशी अट उरली नाही. लंडनच्या पत्रिकेत पाटी म्हणजे पत्ता होता. येथे एकच मांजर पन्नास दुकानांच्या पत्रिकांवर बसू लागले.

तरीही या पत्रिका यशस्वी ठरल्या. त्याचे कारण असे, की रंगीत चित्र ही सामान्य घरात दुर्मिळ वस्तू होती. मुले व स्त्रिया त्या गोळा करून वह्यांत चिकटवीत. अशा चिकटवह्यांची मागणी एवढी होती, की मार्क ट्वेन या लेखकाने आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचे एकस्व १८७३ मध्ये मिळविले. पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या मोठ्या भांडाराने मुलांसाठी चित्रपत्रिकांच्या मालिका काढल्या. मालिका पुरी करण्यासाठी मूल आईला पुन्हा दुकानात आणी. लीबिख कंपनीच्या मांसार्काबरोबर मिळणाऱ्या पत्रिका अनेक भाषांत निघाल्या. सिगारेटच्या पाकिटातील चित्रपत्रिकाही याच कुळातील होत. प्रकाशासमोर धरल्यावर दुसरे चित्र दिसणाऱ्या, घडी उघडताच रडके मूल हसरे होणाऱ्या आणि अत्तर शिंपडलेल्या पत्रिकाही निघाल्या.

या वैभवाला काळी बाजू होती. खात्रीच्या औषधांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांचा प्रसार मोठ्या प्रमाणावर पत्रिकांनीच केला. लिडिया पिंकम (१८१९–८३) या बाईंच्या वनस्पतिजन्य औषधाच्या पत्रिकांवर त्यांचा स्वतःचा शांत, वत्सल चेहरा छापलेला असे व त्या चेहऱ्यावर असंख्य स्त्रियांनी विश्वास ठेवला. औषधाच्या बाटलीत मद्यार्काचे प्रमाण बरेच होते. अन्न व औषधे यांविषयीचा अमेरिकी कायदा १९०६ मध्ये होईपर्यंत अशा दाव्यांना आळा बसला नाही. साबणाच्या पत्रिकांवर कृष्णवर्णीयांची व चिनी धोब्यांची विटंबना करणारी चित्रे सर्रास येत. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ मध्ये झाला, त्याच दशकात चिनी धोब्याला लाथ मारून हाकलण्याचे दृश्य धुण्याच्या द्रव्याची जाहिरात म्हणून घरोघर पोहोचले आणि मुलांच्या चिकटवह्यांत फुलांच्या शेजारी बसले. विद्वेषाचा प्रसार करणाऱ्यांना स्वतःला वेगळा खर्च करावा लागला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासिकांचा टपालखर्च कमी झाला, त्यांतून राष्ट्रव्यापी जाहिराती येऊ लागल्या आणि मालावर दुकानदाराऐवजी उत्पादकाचे नाव ठळक झाले. १९०० च्या सुमारास चित्रमय व्यापारपत्रिका मागे पडली. राहिली ती नाव, धंदा व पत्ता एवढाच मजकूर असलेली छोटी पत्रिका. अमेरिकेत ती सर्वसाधारणपणे ८९ × ५१ मिमी., यूरोपात ८५ × ५५ मिमी. आणि जपानमध्ये ९१ × ५५ मिमी. असते. जपानमध्ये पत्रिका दोन्ही हातांनी देण्याघेण्याचा शिष्टाचार काटेकोरपणे पाळतात.

भारत : पारंपरिक भारतीय व्यापारात पेढी, आडत व हुंडी यांचे व्यवहार जात, गाव आणि शब्द यांच्या ओळखीवर चालत, तेथे छापील परिचयाची गरज फारशी नव्हती. चित्राने गिऱ्हाइकाला मालाची खूण पटविण्याचे काम मात्र कापडाच्या छापांनी केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टर व ग्लासगो येथील व्यापारी भारतात पाठवावयाच्या ताग्यांवर देवदेवता, राजे, हत्ती, वाघ यांची रंगीत चित्रे चिकटवीत. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यानंतर हळूहळू येथील गिरण्यांनीही तो मार्ग पत्करला. खेड्यातील गिऱ्हाईक गिरणीचे नाव न घेता छापाचे नाव घेऊन कापड मागे. लंडनच्या टांगत्या पाटीचे कार्य येथे ताग्यावरील कागदाने केले, असे म्हणता येईल. पुण्याचा चित्रशाळा छापखाना (स्थापना १८७८) व राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना यांच्या रंगीत चित्रांनी घरोघरी भिंती सजल्या आणि तशाच चित्रांचा उपयोग व्यापारी दिनदर्शिकांसाठी होऊ लागला.

नावापत्त्याची छोटी पत्रिका भारतात इंग्रजी पेढ्या, वकील, डॉक्टर यांच्याद्वारे आली व तेथून ती दुकानदारांकडे गेली. महाराष्ट्रात विसाव्या शतकात तिचे माहेर म्हणजे गावातील ट्रेडल छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके यांबरोबर तेथील जुळारी हाताने खिळे जुळवून पत्रिका तयार करी. माथ्यावर ‘श्री’ किंवा गणपतीचा छोटा ठसा, मध्ये दुकानाचे नाव, खाली ‘प्रो. प्रा.’ आणि कोपऱ्यात ‘आमचे येथे’ या शब्दांनी सुरू होणारी मालाची यादी ही तिची ठरलेली मांडणी. मागील बाजू वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर वर्षाची दिनदर्शिका छापीत. त्यामुळे पत्रिका निदान वर्षभर खिशात रहात असे. पावतीच्या रूपाने पत्रिका जपली जावी ही लंडनच्या दुकानदाराची योजना आणि ही दिनदर्शिका यांमागील हिशेब एकच आहे. पुढे रेशीमजाळी मुद्रण, संगणकीय अक्षरजुळणी व ऑफसेट मुद्रण यांमुळे खिळ्यांची पत्रिका नाहीशी झाली. जपानमध्ये १९९४ मध्ये विकसित झालेले क्यूआर हे चौकोनी संकेतचिन्ह आता पत्रिकेवरही छापतात व त्याद्वारे दुकानाचा नकाशा किंवा पैसे भरण्याची सोय गिऱ्हाइकाच्या भ्रमणध्वनीवर उघडते.

संग्रह : व्यापारपत्रिका टिकून राहिल्या त्या संग्राहकांमुळे. वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांची बहीण सेरा सोफिया बँक्स (१७४४–१८१८) हिने समकालीन पत्रिका जमविल्या. तिच्या मृत्यूनंतर हा संग्रह ब्रिटिश म्यूझियमला मिळाला. लंडनमधील फर्निचरच्या व्यवसायातील सर अँब्रोझ हील (१८७२–१९५९) यांनी अठराव्या शतकातील पत्रिकांवर १९२५ मध्ये पहिला महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतः दुकानदार असल्याने त्यांनी पत्रिकांचा उपयोग सौंदर्यवस्तू म्हणून करण्यावर न थांबता कारागिरांची नावे, पत्ते व काळ यांची सूची रचण्यासाठी केला. त्यांचा संग्रहही ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक जॉन जॉन्सन (१८८२–१९५६) यांचा संग्रह बॉडलियन ग्रंथालयात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास तीन लाखांहून अधिक छापील पत्रिका व चित्रे देणारे जेफर्सन बर्डिक (१९००–६३) हे सिरॅक्यूज येथील एका कारखान्यात काम करीत. संधिवाताने बोटे आखडलेली असताना त्यांनी स्वतः त्या वह्यांत लावल्या.

पत्रिकेवर तारीख छापण्याची प्रथा कोठेच नसल्याने अभ्यासकास अन्य खुणांवर विसंबावे लागते. लंडनच्या पत्रिकांत पाठीवरील पावतीची तारीख, घरक्रमांकाचा उल्लेख आणि १८५७–५८ मध्ये पडलेल्या टपाल विभागांची आद्याक्षरे उपयोगी पडतात. मराठी पत्रिकांबाबतही अशाच खुणा सांगता येतात. सहा अंकी पिनकोड असेल, तर पत्रिका १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. मराठी पत्रिकेच्या इंग्रजी बाजूस ‘बाँबे’ऐवजी ‘मुंबई’ हे रूप असेल, तर ती बहुधा १९९५ नंतरची. वस्तू व सेवा कराचा नोंदणीक्रमांक असेल, तर ती २०१७ मधील किंवा त्यानंतरची होय. मागील बाजूस दिनदर्शिका छापलेली असल्यास वर्ष शोधावेच लागत नाही.